फेरी आणि फेरफटका

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीला घालायची प्रदक्षिणा आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला डॉक्टरांनी नेमून दिलेली रोजची चाल, या दोन्ही गोष्टी नाशिककराच्या घरात एकत्र नांदतात. पाय तेच, रस्ताही बऱ्याचदा तोच. तरी पहिलीला पुण्यकर्म म्हणतात आणि दुसरीला उपचार. या वाटणीतूनच काही धार्मिक आणि तात्त्विक प्रश्न निघतात. आजारापोटी चालणाऱ्याच्या चालण्याला धर्मविचारात काही जागा आहे का? वर्षातून एकदा श्रद्धेने घातलेली फेरी रोजच्या चालीची भरपाई करते का? आणि शरीर साथ देत नसेल तर नवस फेडायचा की शरीर राखायचे?

हे प्रश्न मूठभरांचे नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. नाशिक जिल्ह्यात यात्रा पायीच करण्याची रीत फार जुनी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी त्र्यंबकला दिंड्या येतात, चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे उन्हातान्हात माणसे चालत निघतात, नाशिकहून शिर्डीला पदयात्रा जातात. या गर्दीत पन्नाशी-साठीची माणसे भरपूर असतात आणि त्यांतल्या अनेकांच्या पिशवीत साखरेची किंवा बीपीची गोळी असते.

ब्रह्मगिरीची छोटी फेरी सुमारे २० किलोमीटरची, मोठी तिच्या दुप्पट. रविवारी रात्रीच माणसे कुशावर्तात स्नान करून निघतात आणि प्रयागतीर्थ, पहिने असे टप्पे घेत डोंगराला उजवी घालून सोमवारी परततात. पाऊस असतोच. या फेरीमागे वारकरी परंपरेतली एक कथा आहे. विठ्ठलपंतांचे कुटुंब ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत असताना वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला. कथेतला बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे: गुरू भेटले ते फेरी पुरी झाल्यावर नव्हे, ती मोडल्यावर. प्रदक्षिणेचे फळ अंतर मोजून मिळते असे मानणाऱ्यांना ही कथा सोयीची नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या चालीची कार्यपद्धती निराळी आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या आतून तिच्या पृष्ठभागावर येते आणि रक्तातली साखर आत ओढू लागते. या कामाला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. म्हणून ज्याचे इन्सुलिन कमी पडते किंवा निकामी ठरते अशा माणसालाही चालण्याचा उपयोग होतो. चाल थांबल्यावरही स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद काही काळ, साधारण एक ते दोन दिवस, सुधारलेला राहतो आणि मग मावळतो. मधुमेह्याने सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये हा नियम यावरूनच निघाला. रक्तदाबाचेही तसेच. वेगाने वाहणाऱ्या रक्तामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैलावतात, आणि काही महिने नेमाने चालणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचा वरचा आकडा सरासरी ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो. चालणे सोडले की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, तोही आठवड्याच्या हिशेबाने. वर्षाचा हिशेब यात कुठेच बसत नाही.

थोडक्यात, हा परिणाम साठवून ठेवता येत नाही. श्रावणातले २० किलोमीटर कार्तिकात कामाला येत नाहीत.

पूर्वमीमांसेने कर्मांची केलेली वाटणी इथे उपयोगी पडते. मीमांसकांनी वैदिक कर्मे नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी तीन प्रकारची मानली. अग्निहोत्र, संध्यावंदन ही नित्य. ग्रहणाचे स्नान नैमित्तिक. पावसासाठीची कारीरी इष्टी काम्य. काम्य कर्म एखादे फळ मनात धरून केले जाते आणि ते फळ नको असेल तर करण्याचे बंधन नाही. नित्य कर्माची गोष्ट वेगळी. ते केल्याने वेगळे पुण्य गाठीला बांधले जात नाही, पण न केल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, असा एक प्रबळ पक्ष आहे. बहुतेकांची ब्रह्मगिरीची फेरी काम्य असते, निदान नैमित्तिक तरी असतेच: तिथी आली, निघाले. मधुमेह्याची चाल सुरू होताना काम्यच असते, कारण तिच्यामागे साखर उतरावी ही उघड इच्छा असते. पण शरीराचा स्वभाव असा की ती काम्य राहून टिकत नाही. चालून विशेष काही कमावले असे रोज दिसत नाही, न चालल्यास मात्र आठवड्याभरात आकडे बोलू लागतात. वागणुकीने ती नित्य कर्माच्या जातीची आहे.

ही केवळ नावांची अदलाबदल नव्हे, कारण नित्य आणि काम्य कर्मांचे नियमही वेगळे आहेत. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात यावर चर्चा आहे. तिचा निर्णय असा की काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण झाले तरच फळ देते, एखादे अंग राहिले तर कर्म फुकट. नित्य कर्म मात्र यथाशक्ति करायचे असते. मुख्य भाग झाला आणि एखादे अंग सुटले तरी ते झाले असेच धरतात. रोज चालणाऱ्याच्या मनात जो घोळ असतो तो इथे सुटतो. पाऊस आहे, गोल्फ क्लब मैदानापर्यंत जाणे शक्य नाही, पाऊण तास मिळणार नाही, म्हणून आज राहू द्या, असे म्हणणारा आपल्या चालीला काम्य कर्माचा नियम लावत असतो. पूर्ण नाही तर शून्य. घरातल्या घरात, व्हरांड्यात किंवा इमारतीच्या वाहनतळात दहा मिनिटे फिरणे हे अंगहीन का होईना, कर्मच आहे. वैद्यकाचे मतही हेच पडते. दिवसभरात दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी त्यांची बेरीज धरली जाते, आणि जेवणानंतरची छोटी चाल तर साखरेची उसळी थोपवण्यात विशेष उपयोगी ठरते. मराठी घरांतली शतपावली याच जागी बसते. शंभर पावले जेमतेम मिनिट-दीड मिनिटाची होतात, ती दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवावी लागते, एवढेच.

सहाव्या अध्यायातलाच दुसरा निर्णय प्रतिनिधीविषयी आहे. ठरलेले धान्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे चालते, पण यजमानाच्या जागी दुसरा चालत नाही. व्रतांच्या बाबतीत पुढच्या धर्मशास्त्राने सवलत दिली. आजारी माणसाचे व्रत मुलाने, पत्नीने किंवा भावाने पुरे करावे अशी सोय धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सापडते. त्यामुळे वडिलांच्या नवसाची फेरी मुलाने घातली तर धर्मदृष्ट्या ती वडिलांना पोचते. मुलाने चालून वडिलांची साखर उतरत नाही, एवढा भेद मात्र राहतो. चालीच्या बाबतीत शरीर जैमिनीच्या बाजूचे आहे.

नित्य कर्माच्या या उपपत्तीवर शंकराचार्यांनी घेतलेला आक्षेपही इथे लागू करून पाहण्यासारखा आहे. न करणे म्हणजे अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी जन्मेल, असे ते विचारतात. तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात त्यांचे उत्तर साधारण असे येते की दुःख उपजते ते आधीच्या संचित दुष्कृतातून. नित्य कर्म न घडणे हे त्या संचिताचे केवळ लक्षण. मधुमेहाला हे उत्तर चपखल लागू पडते. न चालण्याने साखर निर्माण होत नाही. यकृत ती सोडत असते, पेशी ती घेत नसतात, आणि हा बिघाड आदल्या अनेक वर्षांत तयार झालेला असतो. चाल चुकली की तो उघडा पडतो, इतकेच. तत्त्वज्ञानाच्या पातळीवर दोन्ही पक्षांत मोठे अंतर आहे. सकाळी सहाला बूट चढवायचे की नाही या प्रश्नावर मात्र दोघांचे उत्तर एकच निघते.

चालणे धर्माचे की वैद्यकाचे, ही फारकत प्राचीन ग्रंथांना फारशी ठाऊक नव्हती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या उपचारात एक विलक्षण आदेश आहे. ज्या रुग्णाजवळ धन नाही आणि नातलगांचा आधार नाही त्याने पायताण आणि छत्री सोडावी, भिक्षेवर राहावे, एका गावात एकच रात्र काढावी आणि मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहूनही जास्त चालत जावे. गुराखी होऊन गाईंमागे फिरणे, विहीर खणणे हेही पर्याय तिथे आहेत. इथे वैद्य गरीब रुग्णाला औषध म्हणून संन्याशाची दिनचर्या देतो: मितआहार, सततची पायपीट, एका जागी न रेंगाळणे. रुग्णाला मोक्ष हवा आहे का हे विचारलेले नाही. मुनीसारखे वागा, एवढेच म्हटले आहे. याचा अर्थ सुश्रुताच्या लेखी कृती आणि तिचा हेतू वेगळे काढता येतात. भिक्षूचे चालणे भिक्षूच्या श्रद्धेवाचूनही काम करते.

उलट दिशेने पाहिले तर बौद्ध परंपरेत ध्यानाच्या चालण्याला शरीराचे फायदे निःसंकोच जोडलेले आहेत. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे, म्हणजे ठरावीक वाटेवर शांतपणे मागे-पुढे फिरण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची क्षमता वाढते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ उघडउघड देहाचे. नाशिकला त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना गाव पांडवलेणी म्हणतो, इसवी सनाच्या आगेमागे भिक्खूंची वस्ती होती. त्याच पायऱ्या आज पहाटे चढणाऱ्यांत आरोग्यासाठी आलेलेच जास्त. वरच्या चोवीस लेण्यांकडे त्यांतले फारसे कोणी वळून पाहत नाहीत, ही तक्रार इतिहासप्रेमींची आहे आणि ती रास्तही आहे. पण पचनासाठी चालणारा भिक्खू आणि साखरेसाठी पायऱ्या चढणारा निवृत्त कारकून यांच्यात वाटते तितके अंतर नाही.

खरा पेच निर्माण होतो तो अनवाणी चालण्यापाशी. नवसाची फेरी, गडाची वाट, पालखीचा रस्ता अनवाणी चालण्याला श्रद्धेत विशेष मान आहे. सुश्रुतानेही पायताण सोडायला सांगितले. मात्र अनेक वर्षांच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू जाते, ही गोष्ट आजच्या वैद्यकाला नेमकी मोजता येते. तपासणी साधी असते. रुग्ण डोळे मिटतो. तपासणारा नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याच्या ठरावीक जागांवर, म्हणजे अंगठ्याखाली आणि बोटांच्या मुळाशी, तो वाकेपर्यंत टेकवतो; धागा वाकतो तेव्हा दहा ग्रॅमचा दाब पडलेला असतो. स्पर्श कळला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचे. निरोगी माणूस प्रत्येक वेळी म्हणतो. संवेदना गेलेला माणूस गप्प राहतो, आणि आपण गप्प राहिलो हेही त्याला कळत नाही. अशा पायात खडा रुतला, चैत्रातल्या डांबराने तळवा भाजला किंवा श्रावणातल्या चिखलात भिजून बोटांमधली कातडी सोलली तर दुखत नाही. संध्याकाळी रक्ताचा डाग दिसला तर दिसला. पुढे जखम चिघळते, रक्तपुरवठा आधीच कमी असतो आणि शेवट बोट किंवा पाऊल गमावण्यात होऊ शकतो. वेदना सोसणे हे तप असेल, तर ज्याला वेदनाच होत नाही त्याच्या अनवाणी चालण्यात तप कोणते, हा प्रश्न धर्मविचारालाही टाळता येणार नाही.

परंपरेत याचे उत्तर आहे आणि ते कठोर आहे. शास्त्रात न सांगितलेले घोर तप करून देहाला आणि देहातल्या अंतर्यामीला पिडणाऱ्यांना गीतेचा सतरावा अध्याय आसुरी निश्चयाचे म्हणतो. सहाव्या अध्यायात योग साधतो तो आहार-विहार बेताचा असणाऱ्यालाच. याच गीतेवर निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावाने, त्यांच्याच शिष्याने, १२९० मध्ये नेवाशात टीका सांगितली, तेव्हा हा विचार त्र्यंबकच्या वाटेला परका नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तपाने वाळलेल्या पार्वतीसमोर बटूच्या वेषात आलेला शंकरच शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याची आठवण करून देतो. धर्मशास्त्राचे निबंधकार याहून व्यवहारी. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेला ‘धर्मसिंधू’ महाराष्ट्रात घरोघरी प्रमाण मानला गेला. अशा निबंधांत अशक्त, वृद्ध आणि रोगी यांच्यासाठी मुख्य कल्पाऐवजी अनुकल्प, म्हणजे झेपेल असा पर्याय, ठिकठिकाणी दिलेला आहे. निर्जळ उपवास जमत नसेल तर फलाहार, तोही नसेल तर एकभुक्त. या न्यायाने पायात बूट घालून घातलेली फेरी हा अनुकल्प होय, आणि अनुकल्पाने व्रत भंगत नाही. मंदिराच्या आवारात जिथे पादत्राण काढावेच लागते तिथे जाड सुती मोजे घालणे आणि उन्हे चढण्याआधी दर्शन उरकणे, इतके तरी पाळता येते.

जैन परंपरेतली एक गोष्ट या संदर्भात दुर्लक्षित राहिली आहे. म्हसरूळच्या गजपंथ क्षेत्री येणारे साधू-साध्वी अनवाणीच विहार करतात, पण त्यांच्या चालण्याला ईर्यासमितीचे बंधन असते: पुढची सुमारे चार हात जमीन डोळ्यांनी तपासत, एकही जीव पायाखाली येणार नाही असे पाहून पाऊल टाकायचे. हेतू अहिंसेचा. तळव्याची जाणीव गेलेल्या मधुमेह्याला पायाचे काम डोळ्यांवर सोपवावे लागते आणि त्याच्यासाठी सांगितलेले नियमही तसेच आहेत. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा पाहणे, उजेडात चालणे, घरी आल्यावर दोन्ही तळवे पाहणे, स्वतःला वाकता येत नसेल तर खाली आरसा धरणे. रविवारी मध्यरात्री निघणाऱ्या फेरीला या नियमांतला उजेडाचा नियम मुळातच मानवत नाही.

उपवासाचा प्रश्न याला चिकटूनच येतो, कारण श्रावणी सोमवारची फेरी बहुतेक जण उपाशीपोटी किंवा साबुदाण्याच्या खिचडीवर घालतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; साखर झपाट्याने चढवतो. उपाशीपोटी चालण्याचा धोका उलट्या बाजूचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर लांबच्या चालीत ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. फेरीच्या पावसात तो घाम कोणाच्या लक्षात यायचा? निव्वळ मेटफॉर्मिनवर असलेल्याला ही भीती फार कमी असते. गोळी घेतली तर उपवास मोडतो या समजुतीला मात्र शास्त्राचा आधार नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात आलेल्या आणि व्रतग्रंथांनी पुढे उचललेल्या यादीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्यासोबत औषधही त्या यादीत नाव घेऊन सांगितले आहे. रमजानच्या रोज्यातून आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुराणानेच सूट दिली आहे. धर्म सवलत देतो आणि भाविक ती नाकारतो, असे हे उलटे चित्र आहे. सवलत घेतली तर श्रद्धा कमी पडली असे शेजारीपाजारी म्हणतील, ही धास्ती त्यामागे बऱ्याचदा असते. तिला धर्म म्हणता येत नाही.

आजारच मुळी प्रारब्धाचा भोग आहे, मग चालून काय होणार, असाही एक सूर ऐकू येतो. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी रोगांची सांगड पूर्वपापांशी घातली, त्यामुळे या सुराला पाठबळही मिळते. चरकाने मात्र विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा समाचार घेतला आहे. आयुष्य पूर्णपणे ठरलेले असते तर औषध, मंत्र, पथ्य कशालाच अर्थ उरला नसता, असे तो म्हणतो आणि आयुष्याला दैव व पुरुषार्थ या दोहोंवर सोपवतो. त्यासाठी तो गाड्याच्या आसाचा दाखला देतो. चांगल्या लाकडाचा आस बेताने वापरला तर झिजत-झिजत आपल्या वेळीच मोडतो. जास्त ओझे लादले, वाट खडबडीत असली, वंगण दिले नाही तर मध्येच मोडतो. लाकूड कोणते मिळाले हे दैव, गाडा कसा हाकला हा पुरुषार्थ. मधुमेहाच्या बाबतीत ही मांडणी आजही टिकते: आईवडिलांकडून आलेला कल बदलत नाही, चालणे हातात असते. मात्र ‘सगळे तुमच्याच हातात आहे’ असे सांगणारा आजचा आरोग्यउपदेशही चरकाला पटला नसता. नेमाने चालूनही ज्याची साखर उतरत नाही त्याच्यावर आळसाचा ठपका ठेवणे हे कर्मविपाकाचेच नवे रूप आहे.

नेमाने चालूनही आकडा न उतरण्याचे ठळक उदाहरण म्हणजे गांधीजी. चालणे हा त्यांच्या दिवसाचा न चुकणारा भाग होता. साठी ओलांडलेली असताना १९३० मध्ये त्यांनी साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर २४ दिवसांत पायी काटले. तरीही त्यांच्या आरोग्याच्या नोंदींत रक्तदाब १९३७ मध्ये १९४/१३० आणि १९४० मध्ये २२०/११० असा आढळतो. चालण्याने उतरणारा दाब ५ ते ८ मिलिमीटरचा असतो हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. रक्तदाब उतरवणारी आजच्यासारखी औषधे त्या काळी नव्हती. आज ती असताना, ‘आता रोज चालतो’ किंवा ‘आता माळ घातली’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारा माणूस चालीकडून तिच्या कुवतीपलीकडचे मागतो.

फळाच्या अपेक्षेचा प्रश्न इथेच येतो. साखर उतरावी म्हणून चालणे हे गीतेच्या भाषेत सकाम कर्म. त्यात कमीपणा काही नाही, पण आकड्यांच्या नादी लागलेली चाल लवकर थकते. मनगटावरचे घड्याळ दहा हजार पावले मागते. हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. नव्या अभ्यासांत त्याहून बऱ्याच कमी पावलांतही ठळक लाभ दिसतो. सुश्रुताने सांगितलेले माप आकड्याचे नाही, श्वासाचे आहे: व्यायाम अर्ध्या बळाने करावा, आणि श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धे बळ संपले असे समजावे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही आजच्या डॉक्टरांची कसोटी त्याच्या फार जवळची. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्कात राजकारणावर तावातावाने वाद घालत चालणारी मंडळी ही कसोटी नकळत पाळतात. वाद फार रंगला तर रक्तदाबाचे काय होते, तो भाग निराळा. नामस्मरण करत चालणारा वारकरी श्वास आणि पाऊल यांची जी सांगड घालतो तीही याच मापात बसते, आणि टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिंडी जी गती धरते ती बहुतेक वेळा मध्यम व्यायामाचीच असते. दिंडीची उणीव गतीत नाही. यात्रा संपली की चालणेही संपते, ही तिची अडचण.

वारकऱ्याला मात्र ही अडचण तत्त्वतः नसावी. वारी हा नेम आहे, नवस नव्हे. काही मागण्यासाठी ती केली जात नाही आणि चुकली तर चुकल्याची टोचणी लागते. मीमांसेच्या वाटणीत ती नित्य कर्माच्या बाजूला झुकते. त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात निघते आणि सातपूर, नाशिक, सिन्नर करत पंढरीला जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या आणि मधुमेह असलेल्या माणसाला नेम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आधीचे तीन-चार महिने रोजची चाल हळूहळू वाढवणे, निघण्यापूर्वी रक्तदाब आणि तळवे तपासून घेणे, लांबच्या टप्प्याच्या दिवशी गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारून बदलणे आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवणे, ही त्या नेमाची अंगे ठरतात. पंढरपुराहून परतल्यावर आषाढाच्या उरलेल्या दिवसांत घराच्या गल्लीत चालणे, हे त्यातले सगळ्यात अवघड अंग. तिथे टाळ नसतात, सोबत नसते आणि कोणी पाया पडत नाही.

उरतो तो ज्याला चालताच येत नाही अशा माणसाचा प्रश्न. कर्माचा अधिकार कोणाला, याची चर्चा करताना मीमांसकांनी अपंगत्वाचाही विचार केला आणि सामर्थ्य नसलेल्यावर कर्माचे बंधन टाकले नाही. जिथे बंधन नाही तिथे प्रत्यवायही नाही. वैद्यकात ही यादी स्पष्ट आहे. रक्तदाब १८० वर ११० च्या पुढे असेल तर आधी तो औषधाने खाली आणायचा, मग व्यायाम. चालताना छातीत दडपण येत असेल, डोळ्यांच्या पडद्यात ताजा रक्तस्राव असेल, तळव्याला उघडी जखम असेल तर चाल थांबवायची. जखमेच्या पायावर ती भरेपर्यंत भार द्यायचा नसतो. त्या काळात खुर्चीत बसून हातांच्या आणि मांड्यांच्या हालचाली करता येतात. स्नायू आकुंचन पावले की साखर ओढतात, मग ते पायाचे असोत की दंडाचे. किती वेळ आणि किती जोराने हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट त्या-त्या रुग्णापुरते ठरवून देतात, आणि जखम भरून कातडी घट्ट झाली की योग्य मापाच्या बुटांत, आधी घरातल्या घरात, पाच-पाच मिनिटांनी चाल पुन्हा सुरू होते.